अमेरिकेत फर्स्ट-इयर रायटिंगचा वर्ग गळ्यात पडलाय? मग मदत कुठून आणि कधी मागायची ते वाचा

इंग्लिश, रेटरिक, कम्पॅरेटिव्ह लिटरेचर असल्या विषयात एमए किंवा पीएचडीला अमेरिकेत येणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या ऑफर लेटरमध्ये खाली कुठेतरी एक ओळ असते. ट्युशन माफ, दरमहा स्टायपेंड, आणि बदल्यात दर सेमिस्टरला फर्स्ट-इयर कॉम्पोझिशनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहायला शिकवणाऱ्या कोर्सचा, एक सेक्शन, एक वर्ग. पदाचं नाव टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, त्यामुळे वाटतं की कुणा प्रोफेसरच्या हाताखाली हजेरी घ्यायची आणि पेपर तपासायचे. ऑगस्टमध्ये कळतं की बहुतेक ठिकाणी वर्ग अख्खा आपलाच असतो, तुम्ही इन्स्ट्रक्टर ऑफ रेकॉर्ड, शिकवणारे तुम्ही, ग्रेड देणारे तुम्ही, रात्री साडेअकराला ईमेल येणार तोही तुम्हालाच.

त्यात आपल्याकडे असा विषय नीट नसतोच. बीएला कम्युनिकेशन स्किल्सचा पेपर असतो, त्यात पत्रलेखन, अहवाल, सारांश, आणि शेवटी तीन तासांची परीक्षा. इथे परीक्षा नाही, गाइड नाही, पाठ करण्यासारखं काही नाही, अठरा वर्षांची मुलं आहेत आणि त्यांच्याकडून सेमिस्टरभरात तीन-चार मोठे लेख ड्राफ्ट करून घ्यायचेत. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या काकू "अगं बाई, तू अमेरिकन मुलांना इंग्लिश शिकवतेस?" म्हणून डोळे मोठे करतात ते वेगळंच.

आता महत्त्वाची गोष्ट. या कोर्सभोवती इथे मदतीची प्रचंड मोठी यंत्रणा आहे, पण ती आपणहून तुमच्या दारात येत नाही, मागावी लागते. आणि आपल्याला मागायची सवय नसते, आपल्याला वाटतं विचारलं तर यांना वाटेल हिला येत नाही. इथे उलटं आहे, सप्टेंबरमध्ये न विचारणारा टीए बघितला की प्रोग्रॅमवाल्यांनाच टेन्शन येतं.

पहिलं काम: जूनमध्येच डब्ल्यूपीएला ईमेल

रायटिंग प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोफेसरला डब्ल्यूपीए म्हणतात, रायटिंग प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. इंग्लिश डिपार्टमेंटच्या चेअरपेक्षा पहिल्या वर्षी हा माणूस किंवा ही बाई तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. त्यांना लिहून चार गोष्टी मागा: कॉमन सिलॅबस, असाइनमेंट शीट्स, रुब्रिक (कशाला किती मार्क याचे निकष), आणि ग्रेड केलेले जुने सॅम्पल पेपर. शेवटची गोष्ट लोक मागायला विसरतात आणि तीच सगळ्यात कामाची आहे, कारण बी कसा दिसतो आणि सी कसा दिसतो हे रुब्रिक वाचून कळत नाही, पेपर बघूनच कळतं.

बहुतेक ठिकाणी पहिल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकम नावाचा, रायटिंग कसं शिकवायचं यावरचा क्रेडिट कोर्स करावा लागतो, त्याआधी ऑगस्टमध्ये ओरिएंटेशन असतं. त्यामुळे सिलॅबस स्वतः शून्यातून बनवायच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका. मिळतोय तो वापरा, वर स्वतःचं एखादं वाचन घाला, बस. ज्यांना पहिल्याच सेमिस्टरला फूकोसारखा जड फ्रेंच तत्त्वज्ञ शिकवायचा असतो त्यांचा ऑक्टोबर कसा जातो ते मी बघितलंय.

याच काळात दोन कागदी कामं. एक म्हणजे इंग्लिश बोलण्याची चाचणी. इंटरनॅशनल टीएला शिकवण्याआधी बोलण्याची पातळी दाखवावी लागते, काही राज्यांत तर तसा कायदाच आहे, कुठे टोफेलचा स्पीकिंग स्कोअर चालतो, कुठे कॅम्पसवर पोचल्यावर छोटं लेक्चर द्यायला लावतात. आपलं शिक्षण इंग्लिश मीडियमचं असलं तरी आपोआप सूट मिळेल असं धरून चालू नका, आधी विचारा. दुसरं सोशल सिक्युरिटी नंबर, त्याला डिपार्टमेंटचं नोकरीचं पत्र आणि इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र लागतं, उशीर केला तर पगाराची गाडी रखडते.

हा कोर्स नक्की काय शिकवतो ते आधी समजून घ्या

यासाठी एकच कागद वाचा. डब्ल्यूपीए लोकांच्या कौन्सिलचं आउटकम्स स्टेटमेंट, २००० साली आलं, २०१४ ला सुधारलं, दोन-तीन पानांचं आहे आणि फुकट मिळतं. त्यात चार भाग आहेत: रेटरिकल नॉलेज, म्हणजे कुणासाठी आणि कशासाठी लिहितोय याची जाण, मग क्रिटिकल थिंकिंग-रीडिंग-कम्पोझिंग, मग प्रोसेस, आणि सगळ्यात शेवटी कन्व्हेन्शन्स. व्याकरण, स्पेलिंग, साइटेशन (संदर्भ कसे द्यायचे ते) हे सगळं त्या शेवटच्या भागात. आपण शाळेपासून लाल पेनाखाली वाढलेले, लिखाण तपासणं म्हणजे चुका शोधणं हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे ही क्रमवारी नीट डोक्यात गेली की पुढचं निम्मं काम हलकं होतं.

मुलांच्या बोलीचा प्रश्न वर्गात येतोच, कुणी आफ्रिकन अमेरिकन घरातलं, कुणी घरी स्पॅनिश बोलणारं, आणि समोर आपण, मराठी वळणाचं इंग्लिश घेऊन. कॉलेज लेव्हलला रायटिंग शिकवणाऱ्यांची जी देशपातळीवरची संघटना आहे, सीसीसीसी, लोक तिला फोर-सीज म्हणतात, १९४९ पासूनची, तिने १९७४ सालीच ठराव केलाय की विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषारूपाचा हक्क आहे. यावर तेव्हापासून आजपर्यंत वाद चालूच आहेत, पण तुमच्या प्रॅक्टिकममध्ये हे नक्की येणार, तेव्हा माहीत असलेलं बरं. आणि आपल्या उच्चारांवरून फार चिंता करू नका, पहिल्या आठवड्यात मुलांना सांगून टाका की एखादा शब्द कळला नाही तर हात वर करा, मी फळ्यावर लिहीन. दोन आठवड्यांत त्यांचे कान सरावतात.

फुकटचं सामान

फार नावं देत नाही, चारच देते. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं आउल, ऑनलाइन रायटिंग लॅब, १९९४ पासून चालू आहे, साइटेशनचा कुठलाही प्रश्न असो, एमएलए पद्धतीचा असो वा एपीए, मुलांना सरळ तिथे पाठवा, तुम्ही स्वतः पाठ करत बसू नका. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या चॅपल हिल कॅम्पसच्या रायटिंग सेंटरची हँडआउट्स, थीसिस स्टेटमेंट, म्हणजे लेखाचा मुख्य दावा, कसं करावं, पॅराग्राफ कसा बांधावा असल्या विषयांवर, मला ती आउलपेक्षा वाचायला जास्त आवडतात, मुलांशी बोलल्यासारखी आहेत. रायटिंग स्पेसेस नावाची मोफत पुस्तकमालिका, २०१० पासून, त्यातले निबंध थेट विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिलेत, म्हणजे ऐंशी-नव्वद डॉलरचं टेक्स्टबुक मुलांच्या माथी मारायची गरज नाही. आणि डब्ल्यूएसी क्लिअरिंगहाऊस, कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीतून चालतं, ते मात्र तुमच्यासाठी, तिथे रायटिंग शिकवण्यावरची अख्खी पुस्तकं आणि जर्नल्स मोफत आहेत आणि प्रॅक्टिकमचा पेपर लिहायला बसाल तेव्हा आठवण येईल.

दोन माणसं ज्यांना पहिल्या दोन आठवड्यांत भेटायचंच

एक लायब्ररियन. आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे काउंटरमागे बसून पुस्तक परत केलं का विचारणारे, इथे इन्स्ट्रक्शन लायब्ररियन असतात आणि वर्गात येऊन शिकवणं हे त्यांचं कामच असतं. रिसर्च पेपरच्या आधी एक तास त्यांच्याकडे बुक करा, पण लवकर, कारण ऑक्टोबरचे स्लॉट सप्टेंबरमध्येच संपतात. आणि बुक करतानाच असाइनमेंट शीट पाठवा. नुसतं "डेटाबेस दाखवा" म्हटलं तर सगळ्यांना झोप येईल असा तास होतो, मुलांकडे विषय ठरलेला असेल आणि लायब्ररियनच्या हातात शीट असेल तर त्याच तासात प्रत्येकाला दोन-तीन सोर्स सापडतात.

दुसरं रायटिंग सेंटर. इथे एक गैरसमज सगळ्यांचाच असतो, मुलांचा आणि नव्या टीएंचाही, की तिथे पेपर दिला की दुरुस्त होऊन मिळतो. तसं नाही. ट्यूटर मुलासोबत अर्धा-पाऊण तास बसतात, प्रश्न विचारतात, लिहायचं त्यालाच असतं. त्यामुळे पेपरवर "गो टू रायटिंग सेंटर" एवढंच लिहून पाठवलं तर ते मूल शिक्षा झाल्यासारखं तोंड करून जातं आणि तिथल्या ट्यूटरलाही कळत नाही कशासाठी आलंय. कामाचं वाक्य लिहून द्या, उदाहरणार्थ, तुझा दुसरा आणि चौथा पॅराग्राफ एकच गोष्ट सांगतोय असं मला वाटतं, ट्यूटरला वाचून दाखव आणि त्यालाही तसं वाटतं का बघ. सेंटरवाले वर्गात येऊन दहा मिनिटांची ओळख करून देतात, ती मागा. आणि हो, हे सेंटर तुमच्यासाठी पण आहे, स्वतःचा सेमिनार पेपर घेऊन बिनधास्त जा.

आता खरा डोंगर: पेपर वाचणं

सगळ्यात जास्त नवे लोक इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिशोब बघा. फोर-सीजच्या म्हणण्याप्रमाणे रायटिंगच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत, शक्यतो १५ असावीत. प्रत्यक्षात कुठे बावीस असतात कुठे चोवीस. वीस धरा, चार पेपर, प्रत्येकी दोन ड्राफ्ट, म्हणजे एकशे साठ वेळा वाचन. प्रत्येकाला पाऊण तास दिला तर सेमिस्टरचे एकशे वीस तास नुसते यातच गेले, शिकवणं, तयारी, ऑफिस अवर्स (मुलांनी येऊन भेटायची ठरलेली वेळ) आणि तुमचा स्वतःचा अभ्यास बाजूलाच राहिला. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, आणि कागदावर तुमचं काम त्या वीसच्या आत बसवलेलं असतं. तेव्हा ते खरंच तेवढ्यात बसवायला शिकणं हाच या वर्षाचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

पहिला नियम, पेपर एकदा पूर्ण वाचा, हात मागे ठेवून. पेन नाही, कर्सर नाही. चुका दिसल्या की हात शिवशिवतो, शिवशिवू दे.

दुसरा, पहिल्या ड्राफ्टवर कॉमा दुरुस्त करू नका. रायटिंगवर संशोधन करणाऱ्या नॅन्सी सॉमर्सनी १९८२ साली शिक्षकांच्या शेऱ्यांवरच अभ्यास केला, त्यात दिसलं की शिक्षक एकाच पॅराग्राफमध्ये एकीकडे वाक्यं दुरुस्त करतात आणि मार्जिनमध्ये लिहितात हा मुद्दा वाढव, बदल. आता मुलाने काय करायचं, वाक्य चकचकीत करायचं का पॅराग्राफ काढून टाकायचा? दुसरं दिसलं ते म्हणजे शेरे इतके गुळगुळीत असतात की या पेपरवरचा उचलून त्या पेपरवर डकवला तरी चालेल.

तर गुळगुळीत नसलेला शेरा कसा असतो ते बघा. समजा एका मुलाने सोशल मीडियावर लिहिलंय, सुरुवात नेहमीचीच, आजच्या जगात सोशल मीडिया सगळीकडे आहे आणि त्याचे फायदेही आहेत तोटेही आहेत. दोन पानं असंच. तिसऱ्या पानावर मध्येच एका वाक्यात येतं की त्याच्या धाकट्या बहिणीने टाकलेल्या फोटोला तासाभरात पुरेसे लाइक आले नाहीत म्हणून तिने तो काढून टाकला, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तरुण पिढीवरचे परिणाम. इथे "मोघम आहे, स्पेसिफिक लिही" हा शेरा म्हणजे डकवलेला शेरा. त्याऐवजी असं लिहा: "तिसऱ्या पानावर बहिणीने फोटो काढला तिथे मी थांबले. तासाभरातच का? तिने कुणाच्या लाइकची वाट बघितली? मला वाटतं तुझा खरा विषय हा आहे. पुढचा ड्राफ्ट इथून सुरू करून बघ, मग ठरव पहिली दोन पानं लागतात का." एवढंच. चार-पाच वाक्यं, वर-खाली दोन मार्जिन नोट्स, पेपर संपला. पंधरा-वीस मिनिटांचा टायमर लावा आणि वाजला की पुढचा पेपर उघडा.

आणि व्याकरणाचं काय, ते तसंच सोडायचं? नाही, फायनल ड्राफ्टच्या आधी बघायचं, पण तुम्ही दुरुस्त करायचं नाही. रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ साली मांडलेली पद्धत आहे, ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर मार्जिनमध्ये फक्त एक टिक, कुठली चूक ते सांगायचं नाही, मुलांनी शोधून दुरुस्त करायची. त्यांच्या वर्गात अशा साठ टक्क्यांच्या आसपास चुका मुलांनी स्वतःच सुधारल्या, म्हणजे त्यांना येत होतं, लक्ष नव्हतं. उरलेल्या चाळीस टक्क्यांवर ऑफिस अवरमध्ये बोला, ते खरं शिकवणं.

हल्लीच्या मुलांना लिहिताच येत नाही हे वाक्य तुम्हाला ग्रॅड लाउंजमध्ये रोज ऐकू येईल. त्यावर अँड्रिया लन्सफर्ड या रायटिंगच्या अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मोजणी आहे, १९८६ च्या पेपरांत दर शंभर शब्दांमागे २.२६ चुका होत्या, २००६ च्या पेपरांत २.४५, म्हणजे जवळपास तेवढ्याच. पण पेपरची सरासरी लांबी त्याच वीस वर्षांत ४२२ शब्दांवरून १०३८ वर गेली. मुलं दुपटीहून जास्त लिहायला लागली, तुमचा वेळ तिथे जातोय.

ग्रेडिंगची भीती वाटत असेल तर नॉर्मिंग सेशन चुकवू नका. सगळे टीए एकच पेपर वाचतात, स्वतंत्रपणे ग्रेड देतात, मग भांडतात. एक जण बी म्हणतो, दुसरा सी प्लस, आणि तासाभराने कळतं की पहिला कल्पनेला मार्क देत होता, दुसरा रचनेला. आपण भारतातून आलेले लोक सुरुवातीला कडक असतो, आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथे साठ म्हणजे जवळपास नापास, आणि बी मायनस मिळालेलं मूल डोळ्यात पाणी आणून दारात उभं राहतं. प्रोग्रॅम सेशन ठेवत नसेल तर तीन टीए मिळून कॉफी घेऊन स्वतःच करा.

एआयचं प्रकरण

मशीनने पकडलं म्हणून मुलाला पकडू नका. कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये एआय ओळखणारं टूल चालू केलं आणि त्याच ऑगस्टमध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने ते बंद करून टाकलं, कारण खरं लिहिणाऱ्यावरही आळ येऊ शकतो. स्टॅनफर्डच्या लोकांनी त्याच वर्षी अशी बरीच डिटेक्टर तपासली तेव्हा टोफेलसाठी माणसांनी लिहिलेले निबंध सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयने लिहिलेले ठरवले गेले. टोफेल देणारी मुलं म्हणजे कोण, तर तुम्ही-आम्हीच की. त्यामुळे आधी प्रोग्रॅमचं धोरण काय ते विचारून सिलॅबसमध्ये शब्द न शब्द तेच घाला, पहिला ड्राफ्ट वर्गात लिहून घ्या, गूगल डॉक्समध्ये लिहायला सांगा म्हणजे कधी काय लिहिलं त्याची हिस्टरी दिसते. शंका आलीच तर मुलाला बोलावून पेपरबद्दल गप्पा मारा, हा सोर्स कुठे सापडला, हा मुद्दा कसा सुचला. तरी शंका राहिली तर डब्ल्यूपीएकडे जा, एकट्याने आरोप करू नका, त्याची एक ठरलेली प्रक्रिया असते.

जे तुमचं काम नाही

रायटिंगच्या वर्गात मुलं स्वतःबद्दल लिहितात, वर्ग छोटा असतो, तुम्ही त्यांची नावं जाणणारे कदाचित एकटेच शिक्षक असता, त्यामुळे सगळं तुमच्यापर्यंत येतं. डिप्रेशन, घरचे प्रॉब्लेम, कधी याहून गंभीर. ऐकून घ्या, पण समुपदेशक बनू नका, काउन्सेलिंग सेंटर आणि डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसचा नंबर जवळ ठेवा. बऱ्याच युनिव्हर्सिटीत लैंगिक छळाची गोष्ट टीएच्या कानावर आली तर ती कळवणं बंधनकारक असतं, त्यामुळे "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, हे ट्रेनिंगमध्ये सांगतात, नीट ऐका. डिसेबिलिटी ऑफिसचं पत्र घेऊन कुणी आलं, जास्त वेळ हवा वगैरे, तर काय आजार आहे हे विचारायचं नाही, पत्रात लिहिलंय ते द्यायचं. आणि काही अडलं तर त्याच ऑफिसला फोन.

आई-वडिलांचा ईमेल आला, माझ्या मुलाचा ग्रेड काय, तर आपला पहिला झटका उत्तर द्यायचा असतो, आपल्याकडे पालक सभेत सगळ्यांसमोर मार्क वाचतात. इथे द्यायचं नाही. फेर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, कॉलेजात गेल्यावर रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा. नम्रपणे लिहा की मी याबद्दल बोलू शकत नाही, आणि मेल डब्ल्यूपीएला फॉरवर्ड करा.

स्वतःसाठी

मिड-सेमिस्टरला टीचिंग सेंटरला, म्हणजे शिकवणाऱ्यांना मदत करणाऱ्या ऑफिसला, बोलवा. मिशिगन युनिव्हर्सिटीत १९६२ मध्ये असं पहिलं सेंटर निघालं, आता जवळपास प्रत्येक मोठ्या ठिकाणी आहे. त्यांचा माणूस तुमच्या वर्गात येतो, तुम्ही बाहेर जाता, तो मुलांना विचारतो काय चाललंय, काय नाही, आणि नंतर तुम्हाला एकट्यात सांगतो. हे तुमच्या फाइलमध्ये जात नाही, नक्की करून घ्या पण साधारण जात नाही. शेवटच्या आठवड्यात मुलं तुमच्याबद्दल भरतात ते इव्हॅल्युएशन फॉर्म मात्र जातात, म्हणून आधीच कळलेलं बरं.

कॅम्पसवर ग्रॅज्युएट युनियन आहे का बघा. विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला १९६० च्या दशकापासून आहे, मिशिगनला १९७० च्या दशकात आली, सगळीकडे नाहीये कारण राज्याराज्याचे कायदे वेगळे. असेल तर काँट्रॅक्टमध्ये कामाचे तास लिहिलेले असतात, आणि कुणी "जरा हा आणखी एक वर्कशॉप पण बघ ना" म्हटलं की ते पान उघडायला बरं पडतं. तास वहीत लिहून ठेवायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

जॉब मार्केटला पाच वर्षं आहेत असं वाटतं, पण प्रत्येक सेमिस्टरची असाइनमेंट शीट, एक सॅम्पल पेपर तुमच्या शेऱ्यांसकट आणि मुलाची लेखी परवानगी घेऊन, आणि वर्ग बघायला आलेल्या सीनियरचं पत्र, एवढं एका फोल्डरमध्ये टाकत जा. नंतर मागितलं तर त्या सीनियरला तुमचा वर्ग आठवत नाही.

आणि एक, स्प्रिंगचे, म्हणजे जानेवारीनंतरच्या सेमिस्टरचे, सेक्शन कुणाला कुठले ते आधीच्या फॉल सेमिस्टरमध्येच ठरतात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला आवड विचारणारा फॉर्म येतो. सकाळी आठचा वर्ग नको असेल तर तो फॉर्म आला त्याच दिवशी भरा.